दहाच्या आत धूर

शनिवार, १७ ऑक्टोबर १९८१

आजपासून मला पत्ता नाही. छत्तीस वर्षं लोकांच्या पत्त्यांवर टपाल टाकण्यात गेली, आणि आता मला कुणी पत्र पाठवायचं म्हटलं तर पाकिटावर काय लिहावं हे मलाच सांगता येणार नाही. क्लाइव्ह टॅन्सली, लार्क नावाची बोट, थॉर्नीचा धक्का, कालव्याच्या काठी. नवा पोस्टमन हुशार असला तर पोचवील.

लार्क पंचेचाळीस फूट लांब आहे आणि रुंदीला सात फूटसुद्धा नाही. हात पसरले की बोटं दोन्ही भिंतींना टेकतात. पुढच्या टोकाला कोळशाची शेगडी आणि तिच्यासमोर दोन खुर्च्या, मग ओटा, मग पलंग, आणि अगदी मागे इंजीन नि बाहेर पडायच्या तीन पायऱ्या. माझी बायको म्यूरिअल असती तर म्हणाली असती, कपाटात राहायला निघालास की काय? पण म्यूरिअल जाऊन दोन वर्षं झाली, आणि तिच्याशिवाय त्या घरात वरच्या खोलीतून खाली यायलाही कंटाळा यायचा. घर विकलं ते बरंच झालं. इथे खिडकीबाहेर बदकं आहेत, पलीकडे कुरणात गाई आहेत, आणि आज संध्याकाळी अंडी परतून खाल्ली ती गेल्या वर्षभरातली सगळ्यात चविष्ट अंडी होती. मी खूष आहे. हे लिहून ठेवतो, कारण उद्या पटणार नाही.

रविवार, १८ ऑक्टोबर

सकाळी बोटीच्या भिंतीवर तीन टोले पडले आणि मी चहा सांडला. बाहेर एक ठेंगणी म्हातारी, डोक्याला रुमाल, पायाशी तिच्याच वयाची वाटणारी कुत्री. म्हणाली, अरे राजा, उत्तर द्यायचं असतं! मी म्हटलं, दार उघडलं की. तर म्हणे दार कोण मागतंय, दोन टोले दे आतून, म्हणजे मी माझ्या वाटेनं जाते.

हिचं नाव हेटी ब्लॅकशॉ. कोळशाच्या बोटीवर जन्मली, कोळशाच्या बोटीवरच लग्न झालं, आणि मालवाहतूक बंद पडली तरी काठावर राहायला गेली नाही. शेजारचीच बोट तिची. इथली रीत तिनं मला उभ्या उभ्या समजावून दिली. थंडीच्या दिवसांत सकाळी दहाच्या आत प्रत्येक धुराड्यातून धूर निघाला पाहिजे. धूर दिसला, माणूस ठीक. नाही दिसला, तर जो कोणी आधी बघेल त्यानं जाऊन ठोठावायचं. आणि रविवारी मात्र धूर असो नसो, ती स्वतः प्रत्येक बोट ठोठावते. तीन टोले बाहेरून, दोन आतून. आतून काहीच आलं नाही, तर कोळसेवाल्या डेन्झिलला पहार घेऊन बोलावते आणि दार फोडते. हे तिनं इतक्या सहज सांगितलं की मला हसू आलं. मग मी आत जाऊन चमच्यानं भिंतीवर दोनाऐवजी आख्खा ताल वाजवला, सकाळच्या फेरीत दारं वाजवायचो तसा. बाहेर ती खो खो हसली. बास बास, म्हणाली, ऐकलं, नाटक्या.

छत्तीस वर्षं मी लोकांची दारं वाजवली. माझं कुणी वाजवलं की किती बरं वाटतं हे आज कळलं.

बुधवार, २८ ऑक्टोबर

हळूहळू जमतंय. नळावरून टाकीत पाणी भरायला अर्धा तास, संडासची बादली रिकामी करायला जेवढा वेळ लागतो त्याहून धीर जास्त लागतो. डेन्झिल दर पंधरवड्याला कोळशाची बोट घेऊन येतो. गडी अगडबंब, दाढीत कोळशाची भुकटी. मला 'पोस्टमास्तर' म्हणतो. मी सांगितलं की मी साधा पोस्टमन होतो, तर म्हणाला, मग आता बढती झाली समजा.

तो पोती द्यायला आत उतरला तेव्हा बोट त्याच्या बाजूला कलली. इथे कुणी पाऊल ठेवलं की कळतंच, दाराला घंटा लागत नाही. पण तो काठावर परत चढला तरी बोट पुरती सरळ झाली नाही. शेगडीजवळच्या डाव्या खुर्चीच्या अंगाला जरा झुकलेली राहिली. डेन्झिल म्हणाला, जुनंच दुखणं आहे हिचं, आधीचे मालक पीलसाहेबही माझ्याकडून पोती इकडून तिकडे हलवून घ्यायचे. ओट्याच्या खणात पीलसाहेबांची एक हिरवी काचेची गोटी सापडली. जमिनीवर ठेवली की ती सावकाश घरंगळत डाव्या खुर्चीखाली जाते. बोटीचा तोल बघायलाच ठेवली असणार. मी दोन पोती उजवीकडे नेली. संध्याकाळी गोटी पुन्हा खुर्चीखालीच गेली.

बुधवार, ११ नोव्हेंबर

धक्क्यावर आठ बोटी होत्या. पाच जण थंडीपुरते मुलांकडे, भावांकडे गेले. जायच्या आधी दोर नीट बांधले, धुराड्यांवर पत्र्याचे डबे उपडे घातले. उरलो हेटी, डेन्झिल आणि मी, आणि डेन्झिल तर निम्मा वेळ फेरीवर.

चार वाजताच अंधारून येतं. कालच्या दिवसात मी एक शब्दही बोललो नाही, हे रात्री अंथरुणात पडल्यावर लक्षात आलं. मग मोठ्यानं म्हणालो, झोप आता, क्लाइव्ह. आवाज घोगरा आला. म्यूरिअलची इतकी आठवण आली की रडलो. साठीचा माणूस उशीत तोंड खुपसून रडतोय हे कुणी पाहिलं असतं तर लाजेनं मेलो असतो. पण कुणी पाहायला असतं, तर रडलोच नसतो.

रविवारची वाट बघतो. दोन टोले द्यायचे असतात, मी ताल वाजवतो. ती हसते आणि जाते. तेवढंच.

रविवार, २२ नोव्हेंबर

एक वाईट गोष्ट केली. शुक्रवारी मुद्दाम शेगडी पेटवली नाही.

ठरवून केलं. कोट घालून, पांघरूण घेऊन खुर्चीत बसलो आणि घड्याळ बघत राहिलो. दहा वाजून सात मिनिटांनी हेटी धावत आली, म्हणजे तिच्या वयाला जेवढं धावता येतं तेवढं. टोले दिले, हाका मारल्या. मी दार उघडून म्हटलं, झोप लागली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मीच तिला आत आणून बसवलं. मग चहा झाला, तिनं नवऱ्याच्या गोष्टी सांगितल्या, आम्ही दोन तास बसलो. फार छान गेले ते दोन तास. मात्र ती डाव्या खुर्चीत बसायला तयार झाली नाही. तिथे नको, एवढंच म्हणाली.

निघताना म्हणाली की राजा, पुन्हा अशी झोप लागू देऊ नकोस, माझ्या जिवाला सोसत नाही. मला माझी लाज वाटली.

रविवार, ६ डिसेंबर

लाज वाटली तरी काल पुन्हा तेच केलं. हे लिहितो कारण पुढचं कुणाला तरी सांगायला हवं.

आठवडाभर पाऊस, चिखल. हेटी पाय दुखतात म्हणून बाहेर पडत नव्हती. मला वाटलं, एकदाच. शेगडी रात्री विझू दिली, सकाळी हात लावला नाही. पलंगावर पडून राहिलो. दहा वाजले, साडेदहा वाजले. कुणी आलं नाही. अकराला मला चक्क राग आला. आपण मेलो तरी या बाईला पत्ता नाही, असं पुटपुटत बाहेर पडलो.

हेटी तिच्या बोटीवर उभी राहून कुत्रीला पुसत होती. मी म्हटलं, आज विसरलात वाटतं. ती म्हणाली, काय विसरले? धूर तर केव्हाचा निघतोय तुझा.

मी वळून बघितलं. लार्कच्या धुराड्यातून छान, सरळ धूर वर जात होता.

आत गेलो. शेगडीत विस्तव फुललेला, कोळसे नीट रचलेले. किटली वर ठेवलेली. पलंगापासून शेगडी दहा पावलंही नाही, आणि मी सकाळभर जागा होतो.

मंगळवार, ८ डिसेंबर

स्वतःला समजावलं की रात्रीचा निखारा राखेखाली राहिला असेल. पोस्टमन माणूस, भाकडकथांवर माझा विश्वास नाही.

आज उठलो तर पुन्हा शेगडी पेटलेली. आणि खरं सांगतो, भीती वाटायच्या आधी मला बरं वाटलं. म्यूरिअल गेल्यापासून माझ्या आधी उठून माझ्यासाठी कुणी विस्तव केला नव्हता. मी मोकळ्या बोटीत मोठ्यानं थँक्यू म्हणालो.

नको होतं म्हणायला. ते म्हटल्याबरोबर बोट हलली, कुणी बसल्या जागी सावरून बसावं इतकीच. गोटी डाव्या खुर्चीखालून बाहेर आली आणि परत आत गेली.

रविवार, १३ डिसेंबर

असा गारठा हेटीनंही फार वर्षांत पाहिला नाही म्हणते. कालवा गोठला. बर्फ बोटीच्या पत्र्याला चिकटून रात्रभर कण्हत असतो. डेन्झिल चार मैल खाली अडकलाय, त्याची बोट हलत नाही.

हेटीनं टोले दिले, मी ताल वाजवला नाही. नुसते दोन दिले आणि दार उघडून तिला विचारलं की पीलसाहेबांचं काय झालं? तिनं कुत्रीला जवळ ओढून घेतलं. मग म्हणाली की हे तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण नवा माणूस आला, शेजार झाला, आणि माझं तोंड उघडलं नाही.

गेल्या जानेवारीत अँब्रोझ पील बोटीत मरून पडला होता. पायऱ्यांच्या पायथ्याशी, पाय मोडलेला. डॉक्टर म्हणाले अकरा दिवस झाले असतील, त्यातले पहिले तीन-चार दिवस तो जिवंत असावा. आणि ते अकराही दिवस रोज सकाळी दहाच्या आत त्याच्या धुराड्यातून धूर निघत होता. हेटी रोज कुत्रीला घेऊन तिथून जायची. धूर बघायची, मजेत आहे म्हातारा म्हणायची आणि पुढे जायची. बाराव्या दिवशी डेन्झिलनं हिशेब केला की याला कोळसा कसा लागत नाही अजून. तेव्हा दार फोडलं.

राखलेला निखारा फार तर दीड दिवस टिकतो, हे ती मला सांगत होती आणि रडत होती. तेव्हापासून मी रविवारी ठोठावते, म्हणाली. धुरावर माझा भरवसा उरला नाही.

मी तिला माझ्या शेगडीचं सांगायला तोंड उघडलं. पण मग ते शुक्रवारचं, शनिवारचं, मुद्दाम विझवल्याचं सगळं सांगावं लागलं असतं. तिच्या त्या दुखऱ्या जागेवर मी दोनदा बोट ठेवलं होतं, केवळ चहाला सोबत हवी म्हणून. मी गप्प बसलो.

शनिवार, १९ डिसेंबर

मी पेटवायच्या आत पेटते. रोज. काल साडेपाचला उठलो, तर तयार. आज पाचला.

कोळसा मोजून ठेवला होता, पोत्यातला कमी होत नाही. मग जळतं काय?

घसा बसलाय, अंगात कणकण. बर्फात बोट रुतली आहे, कुणी काठावरून उडी मारली तरी हलायची नाही. तरीही गोटी हलते.

मंगळवार, २२ डिसेंबर

डावी खुर्ची हलवून शेगडीला पाठ करून ठेवली. थोड्या वेळानं बघितलं, ती ओट्याशी होती, तोंड माझ्या पलंगाकडे. पाय घासल्याचा आवाज आला नाही.

एकटं असणं काय असतं हे मला वाटलं होतं मला माहीत आहे.

आता एकटा असतो तर—

शुक्रवार, २५ डिसेंबर

हेटीकडे जेवलो. कोंबडी, बटाटे, तिनं महिनाभर आधी करून ठेवलेलं पुडिंग. तिच्या बोटीतलं राहायचं घर म्हणजे दहा फुटांची खोली, फडताळात घडी घालून ठेवायचा एकच पलंग. दर घासाला वाटत होतं, सांगावं. मला इथे जमिनीवर झोपू द्या म्हणावं. ती म्हणाली, आवाज कुठे गेला तुझा राजा, तालही वाजवत नाहीस हल्ली. मी घशाकडे बोट दाखवलं. तिनं मधाची बाटली दिली.

लाजेपायी परत आलो. धूर निघत होता. मी दुपारपासून बोटीत नव्हतो.

उद्या सकाळी सांगणारच. सगळं, माझ्या चोरीसकट. पिशवी भरून ठेवली आहे.

शनिवार, २६ डिसेंबर

पिशवी घेऊन पायऱ्या चढत होतो. सकाळचे आठ. वरच्या पायरीवर पाऊल, हात दाराच्या कडीवर, आणि बोट माझ्याखाली एकदम कलली. बर्फात रुतलेली बोट. खिडकीतून दिसतंय, बर्फाला तडासुद्धा गेला नाही.

खाली पडलो. उजवा पाय गुडघ्याखाली मोडलाय, आवाज ऐकला मी. सरपटायला गेलो तर शुद्ध हरपते. घशातून फुस्स एवढंच निघतं. रोजनिशी नि पेन्सिल पिशवीत होती.

घाबरायचं नाही. शेगडी तिकडे पुढे आहे, मला पोचता येणार नाही, आणि ते चांगलंच आहे. कोणी भरणार नाही. ती विझेल. धूर थांबेल. दहा वाजता हेटी येईल.

दहा वाजले.

भिंतीवर तांबडा उजेड हलतोय.

बाहेरून हेटी गेली. कुत्रीशी बोलत होती. बघ, म्हणाली, मजेत आहे आपला पोस्टमन. माझा हात भिंतीपर्यंत पोचेतो ती पुढे गेली होती.

रविवार, २७

उद्या—नाही, आज. आज रविवार. धूर असो नसो ती ठोठावणार. हे त्या खुर्चीतल्याला माहीत नाही. पीलच्या वेळी ही रीत नव्हती.

तीन टोले बाहेरून. मी उत्तर द्यायचं नाही. एवढंच करायचं. गप्प पडून राहायचं, श्वाससुद्धा हळू. आतून काही आलं नाही की ती दार फोडायला माणसं आणेल. डेन्झिल नसला तर गावातून आणेल.

छत्तीस वर्षांत इतक्या आतुरतेनं कुणी माझी वाट बघितली नसेल, जितकी मी आज तिची बघतोय.

पावलं. बर्फावर. कुत्रीची नखं.

तीन टोले.

गप्प. गप्प राहा, क्लाइव्ह. गप्प रा

आतून दोन वाजले. शेगडीकडून. नीट, सावकाश, माझ्या चमच्यानं.

हेटी बाहेरून 'बरं' म्हणाली.

मी मुठीनं भिंत बडवली, जोरजोरात, मोजली नाही किती वेळा—ती हसली. देवा, ती हसली. बास बास, म्हणाली, ऐकलं. बरा झालास तर नाटक्या—

गेली.

पावलं ऐकू येत नाहीत आता.

बोटीचं पुढचं टोक वर उचललं जातंय. थोडंसं. मागे मी आहे. खुर्ची रिकामी वाटते. ओट्यापाशी फळी वाजली. पलंगापाशी—

पुढच्या रविवारी ती येईल. सातच दिवस. हेटी, जर हे तुला सापडलं तर तुझी चूक नाही, मी दोनदा मुद्दाम—मला फक्त कुणीतरी यावं असं

गोटी आली. जमिनीवरून सरळ माझ्याकडे. माझ्या बोटांना लागून थांबली.

तो जवळ बस